ओंडक्यावरील शिताके अळिंबी : जपानमधील कुनिसाकी द्वीपकल्पाच्या संदर्भात

प्रस्तावना :
अळिंबी म्हटले की पेंढा किंवा लाकडाचा भुसा भरलेल्या पिशव्या डोळ्यांसमोर येतात. तथापि जपानमध्ये कठीण लाकडाच्या ओंडक्यांवर शिताके अळिंबी पिकविण्याची परंपरा आजही टिकून आहे. ओइता प्रांतातील कुनिसाकी द्वीपकल्पात ही पद्धती वनव्यवस्थापनाशी कशी निगडित आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उत्पादनाची प्रक्रिया :
शिताके ही मृत लाकडावर वाढणारी बुरशी असून लिग्निन व सेल्युलोज यांच्या विघटनातून ती अन्न मिळविते. पूर्वी ओंडक्यांना खाचा पाडून वाऱ्याबरोबर येणाऱ्या बीजाणूंची वाट पाहिली जाई. पीक दैवाधीन असे. १९४० च्या दशकात किसाकु मोरी यांनी कवकजाल वाढविलेल्या लाकडी खुंट्या ओंडक्यात ठोकण्याचे तंत्र विकसित केले आणि ही अनिश्चितता बरीच कमी झाली.

कुनिसाकीत कुनुगी या ओकवर्गीय वृक्षाची तोड शरद ऋतूत होते. त्या वेळी खोडात अन्नसाठा भरपूर असतो व साल घट्ट असते. साल सुटल्यास ओंडका लवकर वाळतो आणि इतर बुरशींचा शिरकाव होतो. सुमारे १ मीटर लांबीच्या ओंडक्यांत छिद्रे पाडून खुंट्या बसवितात. सावलीत साधारणतः दोन उन्हाळे गेल्यावर पीक सुरू होते व पुढे काही वर्षे वसंत आणि शरद ऋतूंत मिळत राहते.

वन आणि जल :
तोडलेल्या बुंध्याला नवे फुटवे येतात व सुमारे १५ वर्षांत वृक्ष पुन्हा तोडणीयोग्य होतो. निकामी ओंडके कुजून मातीत मिसळतात. अशा वनभूमीत मुरलेले पाणी सुमारे १,२०० लहान तलावांच्या जाळ्याद्वारे भातशेतीस उपयोगी पडते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये या व्यवस्थेस जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

समस्या :
भुशावर काही महिन्यांतच पीक हाती येते. त्यामुळे जपानमधील ताज्या शिताकेचे बहुतांश उत्पादन आता भुशावर होते. ओंडक्यांची पद्धती प्रामुख्याने वाळविलेल्या शिताकेपुरती उरली आहे. ओंडके वाहण्याचे काम कष्टाचे, तर शेतकरी वृद्ध होत चालले आहेत. तोड थांबल्यास वृक्ष जून होतात व बुंध्यांची फुटवे देण्याची क्षमता घटते.

निष्कर्ष :
कुनिसाकीत नियमित तोडीमुळेच वन तरुण राहते. म्हणून दोन पद्धतींची तुलना केवळ उत्पादनखर्चावर करणे अपुरे ठरते; ओंडक्याची शेती थांबल्यास अळिंबीबरोबर वनाची निगाही थांबते, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.