यंत्र कुठलंही घ्या, आधी फाइल बघा

किंडलसाठी विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल आपल्या संगणकावर उतरवून ठेवायची सोय अ‍ॅमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ला बंद केली. दुसऱ्याच दिवशी मराठी भाषा गौरव दिन होता आणि आदल्या रविवारी दिल्लीतलं ९८वं साहित्य संमेलन संपलं होतं. त्यामुळे पुस्तकांचा विषय आधीच तोंडी होता, त्यात ही भर पडली. आता किंडल घ्यावं की नको, टॅब्लेट बरा की फोनवरच भागवावं, हे प्रश्न त्यानंतर अनेकांनी विचारले.

घेतलेली पुस्तकं काही गायब झालेली नाहीत. ती वाय-फायवरून यंत्रात येत राहतील. गेली आहे ती आपल्या हाती राहणारी प्रत. २००९मध्ये याच कंपनीने जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. ती हक्क नसलेल्या विक्रेत्याने विकली होती, हे खरं, पण पैसे मोजलेल्या वाचकाला कुणी विचारलं नव्हतं. पुढे जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. तेव्हा वाचकांना आज वाटणारी काळजी अनाठायी नाही.

यंत्रांमधला फरक आता बहुतेकांना माहीत आहे. किंडलच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या कणांच्या सूक्ष्म कुप्या असतात. पान उलटलं की वीज लागते, एरवी नाही. म्हणून चार्जिंग आठवडे टिकतं आणि भर उन्हात गच्चीवर बसूनही अक्षर स्वच्छ दिसतं. साधं किंडल १५८ ग्रॅमचं, तर आयपॅड पावणेपाचशेच्या घरात. आडवं पडून तासभर वाचणाऱ्याच्या मनगटाला हा फरक लगेच कळतो. शिवाय टॅब्लेटवर एक प्रकरण संपायच्या आत चार निरोप येऊन पडतात. माझ्या मते डोळ्यांवरच्या ताणाइतकंच, किंबहुना जास्तच, नुकसान या व्यत्ययाने होतं.

झोपेबद्दल मात्र जरा सबुरीने घ्यायला हवं. ‘टॅब्लेटवर वाचलं की झोप उडते’ असं सांगताना ज्या अमेरिकन प्रयोगाचा दाखला दिला जातो, त्यात अवघे १२ जण होते. त्यांनी झोपण्यापूर्वी चार-चार तास, पूर्ण प्रखरतेवर ठेवलेल्या आयपॅडवर वाचलं. झोप लागायला उशीर झाला तो सरासरी दहा मिनिटांचा. झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन दबलं, सकाळी तरतरी यायला वेळ लागला, हे निष्कर्ष महत्त्वाचेच आहेत. पण रात्री उजेड कमी करून अर्धा तास वाचणाऱ्याला त्यावरून घाबरवणं बरोबर नाही.

मला अधिक मोलाचं वाटतं ते नॉर्वेतल्या स्टाव्हँगर विद्यापीठाच्या संशोधक अ‍ॅन मँगेन यांचं काम. पडदा डोळ्यांना काय करतो यापेक्षा वाचलेलं मनात कसं राहतं, याचा माग त्या काढतात. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५० जणांना एलिझाबेथ जॉर्ज यांची एक दीर्घ रहस्यकथा वाचायला दिली होती. निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर. कथेत काय घडलं, कोण कोण होतं, हे दोन्ही गटांना जवळपास सारखंच सांगता आलं. पण घटना घडल्या त्या क्रमाने लावा म्हटल्यावर किंडलवाले मागे पडले. अमुक प्रसंग कथेच्या सुरुवातीला होता, मध्ये की शेवटाकडे, हेही छापील वाचणाऱ्यांनी जास्त अचूक सांगितलं.

कारणाचा अंदाज आपल्यालाही करता येईल. छापील पुस्तकात डाव्या हाताकडची पानं वाढत जातात, उजवीकडची कमी होतात. ‘तो उतारा डावीकडच्या पानावर खाली होता’ अशी आठवण आपल्याला राहते. पडद्यावर त्या जागी नुसती टक्केवारी असते. एकूण ५४ अभ्यासांची, म्हणजे सुमारे १ लाख ७० हजार वाचकांची आकडेवारी २०१८मध्ये एकत्र तपासली गेली, तेव्हा माहितीपर मजकुरासाठी कागद सरस ठरला, आणि वेळेचं बंधन असेल तर अधिकच. कथांच्या बाबतीत फरक दिसला नाही. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांच्या पालकांनी एवढं ध्यानात ठेवावं.

हे सगळे अभ्यास एक गोष्ट गृहीत धरतात: पुस्तक पडद्यावर नीट उमटतं. मराठी वाचकाचं घोडं अडतं ते नेमकं तिथेच.

किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६पासून मिळू लागली. त्यांतली बहुतेक चांगली वाचता येतात. अक्षर वाढवलं की ओळी नव्याने जुळतात, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजीलाही कादंबरी पुरी करता येते. पण मराठीत फुकट आणि कायदेशीर मिळणारा मोठा साठा पीडीएफमध्ये आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं, ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, स्कॅन केलेले दुर्मीळ ग्रंथ, पाठ्यपुस्तकं आणि बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे अंक, हे सगळं त्यात आलं. पीडीएफ म्हणजे पानाचा ठसा. त्यातल्या ओळी हलत नाहीत.

हिशेब करून बघा. आपली नेहमीची डेमी आकाराची कादंबरी साडेपाच बाय साडेआठ इंचांची. सहा इंची किंडलचा पडदा रुंदीला साडेतीन इंचांहून किंचित जास्त आणि उंचीला पावणेपाच. अख्खं पान त्यात बसवलं की १२ पॉइंटाचं अक्षर ७ पॉइंटांच्याही खाली जातं. स्कॅन जुनं असेल तर आधी अनुस्वार दिसेनासे होतात, मग रफार. पान मोठं करावं तर प्रत्येक ओळीला पडदा उजवीकडे सरकवायचा आणि पुन्हा डावीकडे आणायचा. दोन पानांत माणूस कंटाळतो आणि ‘मला काही पडद्यावर वाचवत नाही’ म्हणून यंत्र कपाटात ठेवून देतो. दहा-अकरा इंची टॅब्लेटवर तेच पान जवळजवळ मूळ आकारात दिसतं. ‘किशोर’ची रंगीत चित्रं, दोन रकान्यांतले दिवाळी अंक, नकाशे, तक्ते यांना टॅब्लेटच हवा. बुकगंगावर घेतलेली ई-पुस्तकंही त्यांच्याच अ‍ॅपमध्ये वाचायची असतात, म्हणजे तिथेही फोन किंवा टॅब्लेट आलाच.

अशी वेळ का आली, याचं उत्तर अक्षरजुळणीत आहे. गेल्या तीसेक वर्षांतली कितीतरी मराठी पुस्तकं श्रीलिपी किंवा तशा जुन्या फाँटमध्ये जुळवलेली आहेत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात: काना वेगळा, अर्धा ‘क’ वेगळा, रफार वेगळा. अशा पीडीएफमध्ये ‘पुणे’ शब्द शोधा, सापडणार नाही. एखादी ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा, इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उमटेल. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, आणताना पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लागते, रफार शेजारी जाऊन बसतो. मग डोळ्यांत तेल घालून पुन्हा मुद्रितशोधन करावं लागतं. त्याला पैसे लागतात आणि तिथेच काम थांबतं.

ई-पुस्तकं का काढत नाही, यावर प्रकाशकांचं दुसरं उत्तर असतं पायरसीचं. त्यांची भीती खरी आहे, पण युक्तिवाद मला पटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात त्या छापील पुस्तकांची पानं स्कॅन करून किंवा फोनने टिपून केलेल्या पीडीएफ. ई-पुस्तक न काढल्याने त्या थांबलेल्या नाहीत. थांबला आहे तो पैसे मोजायला तयार असलेला वाचक, आणि त्यात छापील पुस्तक टपालाने मागवायचा खर्च ज्याला परवडत नाही तो परदेशातला मराठी माणूसही आला. नीट केलेलं काम कसं दिसतं, ते बघायला लांब जायला नको. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर युनिकोडमध्ये आहे. त्यातली नोंद फोनवर उघडा, टॅब्लेटवर उघडा, अक्षर हवं तेवढं वाढवा, शब्द शोधा. सगळं जमतं.

खरेदीपुरतं माझं मत असं. मुख्यतः कादंबऱ्या आणि इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्याने किंडल घ्यावं. जुनी मराठी पुस्तकं, मासिकं, पाठ्यपुस्तकं वाचणाऱ्याने दहा इंची टॅब्लेट घ्यावा, आणि वाचताना त्याचं इंटरनेट बंद ठेवावं. फोन लेखासाठी ठीक, पुस्तकासाठी नाही. पैसे मोजण्यापूर्वी आपल्याला खरोखर वाचायची असलेली दोन-तीन पुस्तकं ओळखीच्या कुणाच्या यंत्रावर उघडून पाहा.

आणि प्रकाशकांना, त्याहून जास्त सरकारी मंडळांना, एक विनंती. नव्या पुस्तकाची अक्षरजुळणी युनिकोडमध्येच करा आणि पीडीएफच्या जोडीला ईपब, म्हणजे ओळी नव्याने जुळणारी फाइल, द्या. किंडलवर ईपब पाठवायची सोय २०२२पासून आहे. मंडळांची पुस्तकं जनतेच्या पैशातून निघतात, तेव्हा सुरुवात त्यांनी करावी.