तीन समुद्रांची रेघ

कन्याकुमारीला टोकावर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की शेजारचा कुणीतरी हात लांबवून दाखवतोच. डावीकडे बंगालचा उपसागर, उजवीकडे अरबी समुद्र, समोर हिंदी महासागर. मग रंगांची गोष्ट सुरू होते. एकाचं पाणी हिरवट, दुसऱ्याचं निळं, तिसऱ्याचं गढूळ, आणि तिन्ही पाणी म्हणे एकमेकांत मिसळतच नाही. आमच्या घरी त्या सहलीहून आणलेल्या रंगीत वाळूच्या पुड्या कित्येक वर्षं कपाटात होत्या. ‘तीन समुद्रांची वाळू’ म्हणून आई पाहुण्यांना त्या कौतुकाने दाखवायची.

वाळू खरीच रंगीत असते. मात्र तिचा रंग समुद्रावरून ठरत नाही, खडकावरून ठरतो. तिथल्या खडकांची झीज होऊन तांबूस गार्नेट, काळं इल्मेनाइट, पिवळसर मोनाझाइट अशी खनिजं मोकळी होतात. लाटा हलके कण वाहून नेतात, जड कण मागे राहतात आणि किनाऱ्यावर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे उमटतात. पाण्याच्या छटाही खोली, तळ, गाळ आणि ढगांप्रमाणे दर तासाला बदलतात. समुद्र आकाशाच्या प्रतिबिंबामुळे निळा दिसतो, हेही अर्धंच खरं आहे. पाणी स्वतःच तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि निळा परत पाठवतं, म्हणून खोल समुद्र निळा दिसतो.

राहिली ती तीन समुद्रांची गोष्ट. समुद्रांच्या हद्दी कागदावर मांडण्याचं काम मोनॅकोतली एक संस्था करते. तिचं आजचं नाव आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटना. तिने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अरबी समुद्राची पूर्वेकडची हद्द कारवारजवळच्या सदाशिवगडापासून निघते आणि लक्षद्वीप-मालदीवच्या पश्चिम कडेने खाली जाते. बंगालच्या उपसागराची दक्षिण हद्द रामसेतूवरून आणि श्रीलंकेच्या दक्षिण टोकापासून सुमात्राच्या उत्तरेकडे जाते. या दोन हद्दींच्या मध्ये जो समुद्र उरतो त्याचं नाव लक्षद्वीप समुद्र. कन्याकुमारी त्याच समुद्रावर आहे. म्हणजे या पुस्तकाप्रमाणे तिथे तीन समुद्र मिळत नाहीत. एकच समुद्र तिन्ही बाजूंना पसरलेला आहे. शिवाय अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर हे हिंदी महासागराचेच भाग समजले जातात. तिघांची वेगळी गणती करणं म्हणजे पुणे, नाशिक आणि महाराष्ट्र अशी तीन ठिकाणं मोजण्यासारखं आहे.

यामुळे त्या जागेचं महत्त्व कमी होत नाही. एका विशाल देशाची जमीन तिथे संपते, हे पाहण्यासाठी जावंच.

पाणी मिसळत नाही हा समज मात्र खोडून काढायला हवा, कारण त्याचे व्हिडिओ आता घराघरांत पोचले आहेत. एका बाजूला करडं-पांढरं पाणी, दुसऱ्या बाजूला गडद निळं, मध्ये फेसाची ठळक रेघ, आणि खाली मजकूर : ‘दोन महासागर भेटतात, पण मिसळत नाहीत.’ या प्रकारची गाजलेली छायाचित्रं अलास्काच्या आखातातली आहेत. त्यांतलं एक २००७ साली केन ब्रुलँड या समुद्रशास्त्रज्ञाने संशोधन सफरीत टिपलं होतं. मुळात अलास्काचं आखात हा प्रशांत महासागराचाच भाग आहे, तेव्हा दोन महासागरांचा प्रश्नच येत नाही. हिमनद्या खडक पिठासारखा बारीक दळतात. तो गाळ घेऊन नद्या समुद्रात उतरतात. गाळाचं गोडं पाणी आणि खारं पाणी यांची घनता वेगळी असल्यामुळे काही काळ त्यांच्यात सीमारेषा दिसते. ती सरकते, पुसट होते, दुसरीकडे पुन्हा उमटते. वारा, लाटा आणि प्रवाह अखेर सगळं एकत्र करतात.

याचं सर्वांत देखणं उदाहरण समुद्रात नाही, नदीत आहे. ब्राझीलमध्ये मनाउस शहराजवळ रिओ नेग्रो ही काळी नदी सोलिमोइशला मिळते. सोलिमोइश म्हणजे ॲमेझॉनचाच वरचा प्रवाह. नेग्रोचं पाणी कुजलेल्या पानापाचोळ्यामुळे काळ्या चहासारखं झालेलं असतं, तर सोलिमोइश अँडीज पर्वतातला गाळ घेऊन मातकट होऊन येते. नेग्रोचं पाणी सुमारे २८ अंश सेल्सिअस आणि संथ, ताशी दोन किलोमीटरचं. सोलिमोइशचं सुमारे २२ अंश, आणि दुपटीहून जास्त वेगाचं. तापमान, वेग आणि घनता असे तिन्ही फरक एकाच ठिकाणी आल्यामुळे काळं आणि मातकट पाणी साधारण सहा किलोमीटर शेजारी शेजारी वाहतं. हात पाण्यात धरून होडीतून ही रेघ ओलांडली तर गारवा बदललेला कळतो. पण सहा किलोमीटरनंतर रेघ संपते आणि पुढे एकच ॲमेझॉन वाहते. मिसळायला वेळ लागतो, एवढंच.

याच ॲमेझॉनवरून शाळेपासून चालत आलेला वाद आठवतो. जगातली सर्वांत लांब नदी कोणती? पुस्तकात नाईल, ६,६५० किलोमीटर. ॲमेझॉन सुमारे ६,४००. पण २००७ साली ब्राझीलच्या संशोधकांनी पेरूच्या डोंगरांतला अधिक दूरचा उगम धरून ॲमेझॉनची लांबी ६,८०० किलोमीटर सांगितली. नदीचं पहिलं पाणी कुठलं मानायचं आणि मुखाशी मोजपट्टी कुठे थांबवायची, यावर ही स्पर्धा ठरते. म्हणून लांबीचा पहिला नंबर मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पाणी किती वाहतं हे पाहावं. तिथे वाद उरत नाही. ॲमेझॉन दर सेकंदाला दोन लाख घनमीटरहून जास्त पाणी समुद्रात सोडते. जगातल्या सगळ्या नद्या समुद्राला जेवढं पाणी देतात त्याचा हा जवळपास पाचवा हिस्सा. नाईलचा सरासरी प्रवाह सुमारे २,८०० घनमीटर आहे.

नाईलकडे पाहून आणखी एक समज सुटतो. नकाशा भिंतीवर टांगलेला असल्यामुळे उत्तर म्हणजे वर आणि दक्षिण म्हणजे खाली असं मनात बसतं, आणि नद्या दक्षिणेकडे वाहायच्या असं वाटू लागतं. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला भूमध्य समुद्रात जाते. सायबेरियातल्या ओब, येनिसे आणि लेना या तिन्ही महानद्या उत्तरेला आर्क्टिककडे जातात. नदीला दिशा माहीत नसते, फक्त उतार माहीत असतो. याचा पुरावा आपल्याच दारात आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र अवघा ८० किलोमीटरवर, पण मध्ये सह्याद्रीचा कडा. म्हणून गोदावरी समुद्राकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते.

नावांनीही आपण फसतो. मृत समुद्र हा समुद्र नाही, जॉर्डन नदीचं पाणी पोटात घेणारं खारं सरोवर आहे. तो पूर्ण मृतही नाही. त्यात मासे जगत नाहीत, पण सूक्ष्मजीव राहतात, हे १९३०च्या दशकातच दिसून आलं. कॅस्पियनचं काय करावं हे तर राष्ट्रांनाही ठरवता येत नव्हतं. सरोवर म्हटलं तर तळाचं तेल एका हिशेबाने वाटायचं, समुद्र म्हटलं तर दुसऱ्या. रशिया, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, इराण आणि अझरबैजान या पाच देशांनी ऑगस्ट २०१८मध्ये करार केला आणि त्याला खास वेगळा दर्जा दिला. प्रशांत महासागराला हे नाव मॅगेलनने दिलं. १५२० साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाची खवळलेली सामुद्रधुनी पार केल्यावर त्याला पाणी शांत लागलं होतं. जगातले बहुतेक मोठे भूकंप मात्र याच ‘शांत’ महासागराच्या काठाने होतात.

आपल्या भाषेतला एक शब्दही तपासून घ्यावा : समुद्रसपाटी. समुद्राचा पृष्ठभाग भरती-ओहोटी आणि लाटा वगळल्यावरही सपाट नसतो. पृथ्वीच्या पोटात कुठे जड, कुठे हलका माल असतो. त्याप्रमाणे गुरुत्वाकर्षण कमी-जास्त होतं आणि पाणी फुगतं किंवा खोलगट होतं. जगातला सर्वांत मोठा असा खोलगा श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे. पृथ्वीचा आदर्श गुळगुळीत आकार धरला तर तिथला समुद्र त्यापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. तिथून जाणाऱ्या जहाजाला उतार जाणवत नाही, कारण पाण्याचा पृष्ठभाग जिथे तिथे गुरुत्वाकर्षणाशी काटकोनातच राहतो. या खोलग्यामागे खोलवरून वर येणारा तप्त, हलका खडक असावा, अशी मांडणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या देबांजन पाल आणि अत्रेयी घोष यांनी २०२३मध्ये केली.

आता पुन्हा कन्याकुमारी. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त आणि नद्यांचं पाणी कमी, म्हणून तो अधिक खारा. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेपासून कावेरीपर्यंतच्या नद्या आणि मुसळधार पाऊस रिता होतो, म्हणून तो कमी खारा. एवढा फरक असूनही दोघांची देवाणघेवाण दरवर्षी ठरल्या वेळी होते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्राचं खारं पाणी श्रीलंकेला वळसा घालून पूर्वेकडे उपसागरात शिरतं. वारे फिरले की हिवाळ्यात प्रवाह उलटतो. उपसागरातलं कमी खारं पाणी भारताच्या टोकाला वळसा घालून पश्चिमेला येतं आणि किनाऱ्याच्या कडेने उत्तरेकडे चढतं. डिसेंबर-जानेवारीत केरळच्या समुद्रात वरच्या थराचा खारेपणा उतरलेला आढळतो तो यामुळेच. त्या पाण्यात गंगेचा, महानदीचा, कृष्णेचा आणि त्र्यंबकहून निघालेल्या गोदावरीचाही वाटा असतो.