थ्रॉटल सोडला की गाडी झटका का देते?

आजच्या भागात कोड नाही, बाईक आहे. पण डीबगिंग आहेच.

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून कोकणात उतरत होतो. गाडी १५० सीसीची, नऊ वर्षं जुनी, कार्ब्युरेटरवाली. मागे धाकटा भाऊ. एका वळणाआधी तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल सोडला आणि मागून 'खट्' असा झटका आला. पुढच्या वळणावर दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, तर मागचं चाक ओल्या रस्त्यावर सरकलं. कशीबशी सावरली. भाऊ एवढंच म्हणाला, "दादा, हे नेहमी होतं का?"

होत होतं. महिनाभर. दोनदा ट्यूनिंग करून घेतलं, फरक पडला नाही, मग मी त्याकडे लक्ष देणंच सोडलं. ऑफिसात कुणी असा अलर्ट म्यूट केला असता तर मीच ओरडलो असतो.

आधी बघूया, थ्रॉटल सोडल्यावर नेमकं काय होतं. इंजिनाकडे जाणारी हवेची वाट जवळपास बंद होते. पिस्टन खाली जाताना हवा ओढू बघतो, पण पुरेशी मिळत नाही. त्या ओढाताणीत ताकद खर्च होते आणि गाडीचा वेग उतरतो. हेच इंजिन ब्रेकिंग. आता इंजिन चाकाला फिरवत नाही, चाक इंजिनाला फिरवतं. चेनची वरची बाजू आतापर्यंत ताणलेली होती; ती सैल पडते आणि खालची ताणली जाते. मधे जिथे जिथे ढिलेपणा असेल, तो सगळा त्या एका क्षणात भरून निघतो. तोच आपल्याला झटका म्हणून जाणवतो.

मग शोधायचं कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सरळ, सपाट, कोरडा, रिकामा रस्ता घ्या. घाटात हा प्रयोग नको. ४० च्या आसपास वेग ठेवा. एकदा क्लच न दाबता थ्रॉटल सोडा. मग त्याच वेगाला क्लच दाबून सोडा.

क्लच दाबल्यावरही त्रास तसाच राहिला, तर इंजिन बहुतेक निर्दोष. वेग उतरताना हँडल थरथरत असेल तर टायरची झीज, चाकाचं बेअरिंग आणि हँडलचा कोनसेट तपासून घ्या. वेग कमी होताना वजन पुढे येतं, म्हणून तिथला ढिलेपणा तेव्हाच जास्त जाणवतो.

क्लच दाबल्यावर त्रास गायब झाला, तर शोध इंजिन ते मागचं चाक एवढ्यातच. माझं हेच निघालं. आता इंजिन बंद करून गाडी मेन स्टँडवर घ्या आणि चेन खालच्या बाजूला मधोमध वर-खाली हलवून बघा. बऱ्याच गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील लागते. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. चाक फिरवून तीन-चार जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. फार घट्टही नको, त्याने चेन आणि बेअरिंग दोन्ही लवकर जातात. बोटं मात्र चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे अजिबात नकोत.

मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. स्प्रॉकेट जागेवर आणि चाक मात्र हलतंय, असं असेल तर हबमधले कपलिंग रबर गेले. इंजिनाचे झटके गिळायला ते तिथे असतात. माझे दाबून दाबून चपटे झाले होते, वर चेनही ढिली. दोनदा साफ केलेल्या कार्ब्युरेटरचा यात काही संबंधच नव्हता!

झटक्याऐवजी सायलेन्सरमधून फटफट येत असेल तर प्रकरण वेगळं. न जळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये पेटतं. सायलेन्सर इंजिनाला जोडतो तिथलं गॅस्केट लीक असेल, तर बाहेरची हवा आत जाऊन हे वाढतं. आणि तुमची गाडी फ्युएल इंजेक्शनची असेल, तर थ्रॉटल बंद असताना ईसीयू पेट्रोल तोडतो आणि आरपीएम खाली आला की पुन्हा सुरू करतो. तेव्हा जाणवणारा हलका धक्का नॉर्मल आहे. तो अचानक वाढला, तर मात्र दाखवून घ्या.

चाक सरकलं त्यात माझाही दोष होता. ओल्या रस्त्यावर खालचा गिअर टाकून क्लच झटकन सोडला, की सगळा ब्रेक एकट्या मागच्या चाकावर येतो. गिअर वळणाआधीच बदला, क्लच हळू सोडा. आणि हो, नुसत्या इंजिन ब्रेकिंगने मागचा लाल दिवा लागत नाही. मागून गाडी येत असेल तर ब्रेकला हलका पाय लावा.

रबर बदलले, चेन नीट केली, खट् गेलं. पुढच्या रविवारी भावाला विचारलं, येतोस का? म्हणाला, "आधी तू एकटा जाऊन ये." बरोबरच आहे त्याचं.

तुमची गाडी काय आवाज करते, तो रेकॉर्ड करून पाठवा. भेटूया पुढच्या भागात!