जुन्या मोटारीचा अनोळखी आवाज

जुन्या मोटारीच्या एंजिनांतून एखादे दिवशीं पूर्वीं कधीं न ऐकलेली ठकठक येऊं लागली, म्हणजे तिच्या मालकाची स्थिति मोठी अवघड होते. तिकडे दुर्लक्ष करून तो गाडी हांकीत राहिला, तर एखाद्या चढावर आंतील दांडा तुटून एंजिनाची बाजू फोडून बाहेर येण्याचें भय असतें. उलट, भिऊन त्यानें लगेच सगळें एंजिन उकलविलें, तर वर्षानुवर्षें एकमेकांत नीट बसलेले भाग निष्कारण हलतात, आणि अखेरीस आवाज निघतो तो बाहेरच्या एखाद्या ढिल्या स्क्रूचा! जुन्या गाड्यांचे पुष्कळसे सुटे भाग हल्लीं नवे करून मिळतात. परंतु मूळचें ओतीव एंजिन फुटलें, तर त्याची भरपाई सहज होत नाहीं. म्हणून पाना हातांत घेण्यापूर्वीं आवाजाची नाडीपरीक्षा होणें अवश्य आहे.

उदाहरणार्थ, फोर्डची 'मॉडेल टी' ही गाडी घ्यावी. १९०८ ते १९२७ ह्या काळांत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. हिंदुस्थानांतहि त्या आल्या होत्या, आणि त्यांपैकीं कांहीं शौकिनांनीं आजहि चालत्या ठेवल्या आहेत. तिचें एंजिन चार सिलिंडरांचें, वीस अश्वशक्तीचें आणि रचनेनें इतकें साधें आहे कीं, ही विद्या शिकण्यास त्याच्यासारखा दुसरा धडा सांपडणें कठीण.

आवाज मुळांत उत्पन्न कां होतो? सिलिंडरांत पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होऊन पिस्टन खालीं ढकलला जातो. पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, हा जोर क्रँकच्या वांकड्या धुऱ्यास देतो, आणि त्या योगें खालींवर होणाऱ्या गतीचें गोल गतींत रूपांतर होतें. दांडा ज्या ठिकाणीं धुऱ्यास मिठी मारून असतो, त्या बेअरिंगला आंतून बॅबिट नांवाच्या मऊ धातूचें अस्तर असतें. मुख्यतः कथील, व त्यांत थोडें तांबें आणि अँटिमनी, असा हा मिश्र धातु आयझॅक बॅबिट ह्या अमेरिकन कारागिरानें १८३९ सालीं पुढें आणला. अस्तर मऊ ठेवण्यांत हेतु असा कीं, झिजावयाचें तर तें झिजावें, पोलादी धुरा झिजूं नये. अस्तर आणि धुरा ह्यांमध्यें तेलाचा पातळ थर राहील एवढीच फट असावी लागते. ती इंचाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास असते. ही फट वाढली, म्हणजे दांड्यावरील जोराची दिशा पालटतांना तो धुऱ्यावर आपटूं लागतो. ठोका तो हाच.

परंतु प्रत्येक ठोका आंतलाच असतो असें मात्र नव्हे. पंख्याचें ढिलें पातें, सैल झालेलें बॉनेट, मडगार्डाचा निसटलेला बोल्ट ह्यांनीं भल्याभल्यांस फसविलें आहे. जळालेला वायु बाहेर नेणारी नळी एंजिनास जोडलेली असते तेथील गॅस्केट फाटलें, तर तेथूनहि धातूवर धातु आपटल्यासारखी टिकटिक येते. म्हणून प्रथम बाहेरील सर्व भाग हातानें हालवून पाहावे. त्यानंतर तेल पाहावें. मॉडेल टीच्या एंजिनाच्या मागील अंगास खालीं दोन लहान तोट्या असतात. तेलाची पातळी त्या दोहोंच्या मध्यें असली पाहिजे. ह्या एंजिनांत तेलाचा पंप नाहीं. फिरणारें जड चक्रच तेल उडवितें, आणि त्यांतील कांहीं एका नळींतून पुढच्या टोंकास जाऊन परत मागें वाहत येतें. लांब आणि उभ्या चढणीवर तेल मागें साचतें व पुढच्या दांड्याच्या वांट्यास कमी येतें. अशा घाटानंतर ठकठक सुरूं झाली असेल, तर पहिला संशय पुढच्या दांड्यावर घ्यावा. कांहीं लोक अशा वेळीं दाट तेल ओतून आवाज मंद करतात. हा उपाय नव्हे. ती रोग्याच्या तोंडावर धरलेली उशी होय.

आतां प्रत्यक्ष ऐकण्याकडे वळूं. पॅरिसच्या लेनेक नांवाच्या डॉक्टरानें १८१६ सालीं कागदाची सुरळी करून रोग्याचें हृदय ऐकलें. मोटारीचा मिस्त्री लांकडी काठीचें एक टोंक एंजिनाच्या अंगास व दुसरें कानाशीं लावून तेंच करतो. काठी फिरत्या पंख्यापासून दूर धरावी, आणि गाडी मोकळ्या हवेंत उभी करून चाकांस दगड लावावे. कारण मॉडेल टीला उभ्याउभ्या हळूच पुढें सरकण्याची खोड आहे. ह्या काठीच्या साक्षीवर सर्वस्वीं विसंबूं नये. हवेपेक्षां लोखंडांतून ध्वनि किती तरी पटींनीं जलद धांवतो आणि ओतीव एंजिनभर पसरतो. त्यामुळें चौथ्या सिलिंडरचा ठोका दुसऱ्यापाशींहि स्पष्ट ऐकूं येतो.

खरी साक्ष मिळते ती आवाजाला प्रश्न विचारून. सुकाणूच्या चाकाखालीं डाव्या हातास एक लहान दांडी असते. तिनें ठिणगी लवकर किंवा उशिरां पाडतां येते. ही दांडी वर सारून ठिणगी मागें घेतली आणि ठोका तत्काळ थांबला, तर बेअरिंगचा दोष नाहीं असें बहुतेक समजावें. ठिणगी फार लवकर पडत असली, किंवा सिलिंडरांत सांचलेली काजळी तापून लाल होत असली, म्हणजे पिस्टन वर येत असतांनाच स्फोट होतो, आणि त्याचा धक्का ठोक्यासारखा ऐकूं येतो. काजळीचा आवाज तापलेल्या एंजिनांत, चढावर विशेष येतो. अशा वेळीं सिलिंडरांचें झांकण काढून काजळी खरवडली कीं काम झालें. (हीच दांडी हँडल मारण्यापूर्वीं वर सारावयाची विसरली, तर एंजिन उलट झटका देतें. त्या झटक्यानें पूर्वीं कित्येकांचीं मनगटें मोडलीं आहेत.)

दांडी सारूनहि ठोका कायम राहिला, तर मॉडेल टीची एक अपूर्व सोय उपयोगीं पडते. चालकासमोरच्या फळीवरील लांकडी पेटींत चार सिलिंडरांचीं चार कॉइलें असतात, आणि प्रत्येकीवर एक पोलादी पट्टी थरथरत असते. एंजिन चालू ठेवून एका पट्टीस कोरड्या लांकडी काडीनें दाबून धरलें, म्हणजे त्या सिलिंडरची ठिणगी बंद पडून तो मुका होतो. अशा रीतीनें एकेक सिलिंडर मुका करीत जावें. ज्याच्या वेळीं ठोका नाहींसा होतो किंवा बराच दबतो, त्याचाच दांडा सैल. दांड्याचा आवाज तांबटाच्या लहान हातोडीसारखा, कोरडा व नेमका असतो. ताशीं सुमारें पंचवीस मैलांच्या वेगावर पेट्रोलची दांडी एकाएकीं बंद केली, तर तो हमखास उमटतो. सिलिंडर मुका केल्यावर ठोका कमी न होतां दुहेरी झाला, तर पिस्टनमधील पिनेकडे पाहावें.

एकही सिलिंडर मुका करून फरक पडत नसेल, आणि चढावर जोर लागला असतां उखळांत मुसळ पडावें तसा घुमा, खोल ठोका येत असेल, तर दोष मुख्य बेअरिंगांत आहे. सर्वांत वाईट बातमी ती ही. कारण ह्या धुऱ्याला आधार अवघ्या तीन बेअरिंगांचा. त्यांतील एक झिजलें कीं धुरा प्रत्येक फेऱ्यास किंचित् वांकतो, आणि शेवटीं मोडतो. येथें मात्र एंजिन गाडींतून उतरविल्यावांचून गत्यंतर नाहीं.

उरलेले आवाज इतके भयंकर नसतात. सकाळीं गार एंजिनांत खडखडणारा आणि तापल्यावर शांत होणारा आवाज झिजलेल्या पिस्टनचा. तो वर्षें निभावून नेतां येतो. शिवणयंत्रासारखी हलकी टिकटिक व्हाल्व्हांची. व्हाल्व्हची दांडी आणि तिला उचलणारा ठोकळा ह्यांतील फट इंचाच्या चौसष्टाव्या हिश्श्यापासून बत्तिसाव्या हिश्श्यापर्यंत असावी. ह्या गाडींत ती स्क्रूनें बदलतां येत नसल्यामुळें झिजलेला भागच बदलावा लागतो.

दांडा सैल आहे असें ठरल्यास १९११ नंतरच्या गाड्यांत तळाचें झांकण काढून, एंजिन न उतरवितां, काम होतें. बेअरिंगच्या टोपीवर प्रथम खूण करावी, म्हणजे ती उलटी किंवा दुसऱ्या दांड्यावर बसणार नाहीं. टोपीच्या कडा कानशीनें अगदीं थोड्या घांसून ती पुन्हां आवळावी, आणि हँडल फिरवून पाहावें. हँडल जड झालें तर घांसणें अधिक झालें. अजून डुलत असेल तर आणखी थोडें. अस्तराला चिरा दिसल्या, किंवा धुरा गोल न राहतां लंबगोल झालेला आढळला, तर घांसण्याचा उपयोग नाहीं. मग धुरा कांतून नवें बॅबिट ओतविणें हाच मार्ग उरतो. तें ओतणारे कारागीर हल्लीं फार थोडे राहिले आहेत; तेव्हां त्यांच्याकडे जातांना कोणता सिलिंडर मुका केल्यावर ठोका थांबला, हें कागदावर लिहून न्यावें.