चारा आणि दूध, भाग ६ : गोणीत चारा किती, पाणी किती?

भूम तालुक्यातला खवा करणारा दुधातल्या पाण्याचे पैसे देत नाही. कढईत शेवटी काय उरणार, यावर त्याचा हिशेब. उन्हाळ्यात त्याच भागात मुरघासाची गोणी मात्र नुसत्या वजनावर घेतली जाते. मागच्या भागात मुरघासाचा, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, खड्डा भरून, तुडवून, झाकून झाला. आता तो उघडू.

उघडल्याबरोबर आधी नाक लावायचे. आंबूस-गोडसर वास आणि पिवळसर हिरवा रंग असेल, तर लॅक्टिक आम्ल नीट तयार झाले. हातावरून लवकर न जाणारा, सडक्या लोण्यासारखा वास ब्युटिरिक आम्लाचा. चारा फार ओला होता किंवा कुट्टीत माती गेली. तपकिरी, तंबाखूसारख्या वासाचा मुरघास जास्त फसवतो. हवा राहिल्याने तो आत तापलेला असतो आणि त्यातली बरीच प्रथिने पचेनाशी झालेली असतात, तरी जनावर तो आवडीने खाते. सामूची पट्टी असेल तर मक्याला ३.८ ते ४.२ हवा. चाऱ्याचा सामू ४ च्या खाली नेला की तो कुजत नाही, या तत्त्वावर फिनलंडच्या विर्टानेन यांनी चारा टिकवण्याची पद्धत बसवली. १९४५ च्या त्यांच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये तिचा खास उल्लेख आहे.

चारा टिकला, एवढे नाकाला कळते. त्यात पोषण किती, हे मुठीला विचारावे लागते. कुट्टी मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबून सोडा. पाणी ठिबकले तर कोरडा पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, साधारण २५ टक्क्यांच्या आत. गोळा हळूहळू सुटला तर ३० ते ४०. मक्याला ३० ते ३५ उत्तम. लगेच विखुरला तर चारा फार वाळलेला, त्यात हवा अडकते. वीस किलो मुरघासात ३३ टक्क्यांनी ६.६ किलो खाद्य गाईच्या पोटात जाते, २२ टक्क्यांनी ४.४. गोणीचा भाव तोच.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचतानाही हीच गफलत होते. ‘प्रथिने ८ टक्के’ हा आकडा बहुधा कोरड्या पदार्थावरचा असतो. शंभर किलो ओल्या मुरघासात मग अडीच किलोच्या आसपासच प्रथिने आली. पेंड बंद करण्याइतकी ती नव्हेत. मक्याच्या मुरघासाची खरी ताकद स्टार्चमध्ये, म्हणजे कणसात. चांगल्या मालात कोरड्या पदार्थाच्या तीसेक टक्के स्टार्च असतो. आपल्याकडे पावसाने ऐन तुरा-कणसाच्या वेळी ओढ दिली की कणीस भरत नाही, आणि तशा मक्याचाही वास अगदी छान येतो! म्हणून मूठभर कुट्टी पसरून दाणे शोधा. ते फुटलेले हवेत; शेणात अख्खे दाणे दिसू लागले तर कुट्टी मशीनकडे बघा.

बुरशीचा थर नुसता वरून खरवडू नये, आजूबाजूचा मऊ पडलेला भागही काढावा. गाईने नाकारलेला हा माल उस्मानाबादी शेळ्यांपुढे तर मुळीच टाकू नये. मातकट, सामू ५ च्या वर गेलेल्या मुरघासात लिस्टेरिया हे जंतू वाढतात. त्यांची लागण झाली की शेळी एकाच अंगाला गोल फिरते, एका बाजूचा कान लोंबतो, गाभण असेल तर गाभडते. अशी लक्षणे दिसली तर मुरघास त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना बोलवावे आणि गाभडलेल्या पिल्लाला उघड्या हाताने शिवू नये, कारण हा आजार माणसालाही होतो.