रॅमची घोषित वेगावरील अस्थिरता

रॅमच्या पट्टीवर किंवा तिच्या वेष्टनावर छापलेल्या वेगाने ती चालवली असता संगणक सुरू न होणे, मध्येच बंद पडणे अथवा स्मृतीतील माहिती चुकीची वाचली जाणे, आणि तीच पट्टी कमी वेगावर मात्र निर्दोष चालणे, या स्थितीला रॅमची घोषित वेगावरील अस्थिरता म्हणतात. अशी पट्टी खराबच असते असे नाही. छापील वेग हा पट्टी, प्रोसेसरमधील स्मृती-नियंत्रक आणि मदरबोर्ड या तिघांनी मिळून गाठायचा असतो. पट्टीच्या उत्पादकाने खात्री दिलेली असते ती केवळ आपल्या वाट्याची. तिघांपैकी मागे कोण पडते, हे ओळखणे हे या दोषशोधनाचे मुख्य काम होय. ते टाळून संगणक तसाच वापरत राहिल्यास साठवलेल्या फायली नकळत बिघडण्याचा धोका असतो.

छापील वेगाचा अर्थ

रॅमची मानके जेडेक ही १९५८ साली स्थापन झालेली उद्योगसंस्था ठरवते. डीडीआर४ चे मानक २०१२ मध्ये आणि डीडीआर५ चे जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. नावापुढील आकडा दर सेकंदाला होणाऱ्या माहितीच्या देवाणघेवाणी दशलक्षांत सांगतो. डीडीआर४-३२०० या पट्टीचे घड्याळ प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्‌झवर चालते. प्रत्येक स्पंदाच्या चढत्या व उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती पाठवली जात असल्याने आकडा दुप्पट होतो. सीपीयू-झेडसारख्या प्रणालीत १६०० हा आकडा पाहून आपली रॅम निम्म्या वेगाने चालते अशी तक्रार अनेकजण करतात. ती तक्रार निराधार असते.

प्रत्येक पट्टीवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते. डीडीआर४ मध्ये तिची क्षमता ५१२ बाइट व डीडीआर५ मध्ये १०२४ बाइट असते. पट्टीचे वेग, विलंब व व्होल्टेज यांची माहिती त्या चिपमध्ये लिहिलेली असते आणि संगणक सुरू होताना बायोस ती वाचतो. जेडेकच्या मानकात बसणारे वेग बायोस आपोआप स्वीकारतो. त्यापलीकडचे वेग वेगळ्या प्रोफाइलमध्ये नोंदलेले असतात. इंटेलने २००७ मध्ये आणलेली एक्सएमपी आणि एएमडीने २०२२ मध्ये आणलेली एक्सपो ही त्या प्रोफाइलची दोन प्रचलित रूपे होत. ती वापरकर्त्याने बायोसमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागतात. म्हणूनच ‘३६००’ छापलेली नवी पट्टी बसवल्यावर संगणक २१३३ किंवा २६६६ हा वेग दाखवतो. तो बिघाड नव्हे. हीच बाब पुढे न्यायालयातही गेली. वेष्टनावरील वेग पट्टी बसवताच मिळत नाही, या आक्षेपावरून कोर्सेअर या कंपनीविरुद्ध अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०२५ मध्ये कंपनीने ५५ लाख डॉलरची तडजोड मान्य केली.

प्रोफाइल चालू करणे म्हणजे प्रोसेसरच्या उत्पादकाने दिलेली मर्यादा ओलांडणे, हे बहुधा लक्षात घेतले जात नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी दोन पट्ट्यांचा अधिकृत वेग ५२०० आहे आणि चार पट्ट्या बसवल्यास तो ३६०० पर्यंत उतरतो. ‘६०००’ छापलेल्या चार पट्ट्या घेऊन छापील वेगाची अपेक्षा करणाऱ्याला प्रोसेसरच्या उत्पादकाकडून कोणतेच आश्वासन मिळालेले नसते. जेडेकनुसार डीडीआर४ चे व्होल्टेज १.२ आहे, एक्सएमपीखाली ते बहुधा १.३५ केले जाते.

अस्थिरतेची कारणे

३२०० या वेगावर एका देवाणघेवाणीसाठी ०.३१२५ नॅनोसेकंद मिळतात, तर ६००० वर जेमतेम ०.१६७. एवढ्या वेळात प्रकाश निर्वातात सुमारे पाच सेंटिमीटर जातो आणि मदरबोर्डवरील तांब्याच्या रेषेतून विद्युतसंकेत त्याच्या निम्म्याच्या आसपास. प्रोसेसरपासून रॅमपर्यंतचे अंतर याहून मोठे असते. म्हणजे एक संकेत पोहोचण्यापूर्वीच दुसरा निघालेला असतो. रेषेत कोठेही अडथळा असला, की संकेताचा काही भाग परावर्तित होऊन मागून येणाऱ्या संकेतात मिसळतो. मोकळा स्लॉट, दोन्ही बाजूंना चिपा असलेली पट्टी, एकाच वाहिनीवर दोन पट्ट्या, स्वस्त मदरबोर्डवरील कमी थरांची मांडणी या सर्वांमुळे हा गोंधळ वाढतो. चार स्लॉटच्या बहुतेक मदरबोर्डवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात असे पुस्तिकेत सांगितलेले असते, त्याचे कारण हेच. पहिल्या व तिसऱ्या स्लॉटमध्ये त्या बसवल्यास रेषेचे पुढचे टोक लोंबते राहते.

स्मृती-नियंत्रक प्रोसेसरमध्येच असतो आणि एकाच नमुन्याच्या दोन प्रोसेसरांची कुवतही सारखी नसते. सॉकेटमधील वाकलेली पिन किंवा प्रोसेसरवर असमान बसलेला दाब यांमुळेही एखादी वाहिनी अडखळते आणि दोष मात्र रॅमच्या नावावर जातो.

वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्या एकत्र वापरणे हे आणखी एक नेहमीचे कारण. नाव आणि वेग तोच असला तरी आतील चिपा एका वेळी सॅमसंगच्या, तर दुसऱ्या वेळी मायक्रॉन किंवा एसके हायनिक्सच्या असू शकतात. विलंबाचे आकडे स्पंदांत दिलेले असल्याने तेही फसवे ठरतात. ३२०० वर विलंब १६ असलेली पट्टी पहिले उत्तर १० नॅनोसेकंदांत देते, तर २२ असलेली १३.७५ नॅनोसेकंदांत. दुसरीला पहिलीच्या विलंबाने चालवल्यास ती बहुधा चुकतेच.

लक्षणे

सर्वांत सौम्य लक्षण म्हणजे प्रोफाइल चालू करताच संगणक दोनतीनदा चालू-बंद होऊन जुन्या वेगावर परत येणे. डीडीआर५ असलेल्या संगणकात नव्या सेटिंगनंतर बायोस प्रत्येक रेषेचे वेळापत्रक नव्याने जुळवतो आणि त्या काळात पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. या टप्प्यावर घाईने वीज बंद करणाऱ्यांनी बिघाड नसलेला संगणक दुरुस्तीला नेल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात.

विंडोजमध्ये निळा पडदा येऊन त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असा उल्लेख दिसणे, संकुचित फाइल उघडताना तपासणी-बेरीज न जुळणे, कार्यप्रणाली बसवताना दर वेळी वेगळ्याच टप्प्यावर त्रुटी येणे ही नेहमीची लक्षणे होत. संगणक बंद पडला तर निदान काहीतरी बिघडले आहे हे कळते. त्याहून घातक प्रकार म्हणजे संगणक सुरळीत चालत राहणे आणि एखादा बिट उलटून चुकीचा आकडा फायलीत लिहिला जाणे. अशी फाइल पुढे बॅकअपमध्येही बिघडलेल्या रूपातच उतरते. डीडीआर५ च्या चिपांमध्ये त्रुटी-दुरुस्तीची सोय असते, परंतु ती चिपच्या आतल्या साठ्यापुरती मर्यादित आहे. पट्टी ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक ती दुरुस्त करत नाही आणि वेगामुळे होणाऱ्या चुका मुख्यतः याच वाटेवर होतात.

दोषशोधन

महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी दुसऱ्या ठिकाणी घ्यावी, तीही कमी वेगावर परत आल्यानंतर. अस्थिर वेगावर घेतलेल्या प्रतीवर विसंबता येत नाही. पहिली चाचणी कार्यप्रणालीबाहेर, पेन ड्राइव्हवरून करणे इष्ट, कारण संशयित रॅमवर विंडोज किंवा लिनक्स चालू केल्यास डिस्कवरील माहितीही धोक्यात येते. यासाठी ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेली मेमटेस्ट८६ आणि तिच्यापासून २००४ मध्ये निघालेली मेमटेस्ट८६ प्लस या प्रणाली सर्वाधिक वापरल्या जातात. विंडोजमध्ये स्वतःचे तपासणी-साधन असते, पण ते तुलनेने ढिले आहे.

पहिली फेरी प्रोफाइल बंद ठेवून, जेडेकच्या वेगावर करावी. येथेच त्रुटी आल्यास प्रश्न वेगाचा नाही. मग एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून पाहावी. त्रुटी पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. पट्टी बदलूनही त्रुटी त्याच स्लॉटमध्ये राहिली तर स्लॉट, मदरबोर्ड किंवा प्रोसेसरचा सॉकेट संशयित ठरतो.

जेडेकच्या वेगावर सर्व फेऱ्या स्वच्छ गेल्या तरच प्रोफाइल चालू करावे. तत्पूर्वी बायोस अद्ययावत करणे फायद्याचे ठरते. नव्या प्रोसेसर-मालिकेच्या पहिल्या काही महिन्यांत केवळ बायोसच्या सुधारणेने रॅमचे प्रश्न सुटल्याचे वारंवार दिसले आहे. प्रोफाइलवर एकेक पट्टी स्वतंत्रपणे टिकते, पण दोन्ही मिळून टिकत नाहीत असे आढळल्यास पट्ट्या निर्दोष असून नियंत्रक किंवा मदरबोर्ड कमी पडतो, असा निष्कर्ष काढता येतो. त्यानंतर विलंब व व्होल्टेज प्रोफाइलचेच ठेवून केवळ वेग एकेक पायरी उतरवावा: ३६०० वरून ३४६६, मग ३३३३, मग ३२००. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची शिस्त येथे निर्णायक असते. तीन सेटिंग एकदम बदलून संगणक स्थिर झाला, तर नेमके कशाने झाला हे कधीच कळत नाही.

व्होल्टेज वाढवणे हा उपाय सर्वांत शेवटी योजावा. रॅमचे व्होल्टेज आणि नियंत्रकाचे व्होल्टेज वेगळे असते. त्यांपैकी दुसरे वाढवल्याने थेट प्रोसेसर जळू शकतो. काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्याचे उघडकीस आल्यावर एएमडीने एप्रिल २०२३ मध्ये या व्होल्टेजवर १.३ ही कमाल मर्यादा बायोसद्वारे घातली.

चाचणीत एकही त्रुटी क्षम्य नाही. ‘चार फेऱ्यांत फक्त एकच’ हा निकाल अनुत्तीर्णच समजावा. पेन ड्राइव्हवरील चाचणी उत्तीर्ण झाल्यावर प्राइम९५ किंवा ओसीसीटी यांसारखी प्रणाली कार्यप्रणालीत काही तास चालवावी. मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड थंड असते. प्रत्यक्ष कामात तेच पट्ट्यांवर गरम हवा सोडते.

उष्णता, धूळ आणि चंद्रपूर-गडचिरोली परिसर

डीरॅममध्ये प्रत्येक बिट एका सूक्ष्म धारित्रात विद्युतभाराच्या रूपाने असतो. तो भार सतत गळतो, म्हणून नियंत्रक तो पुन्हा पुन्हा भरतो. डीडीआर४ मध्ये सर्व ओळींचे एक आवर्तन ६४ मिलिसेकंदांत पूर्ण व्हावे लागते आणि चिपचे तापमान ८५ अंश सेल्सियसच्या वर गेल्यास ३२ मिलिसेकंदांत. तापमान वाढते तशी गळती वाढते. अधिक वेग मिळावा म्हणून भरणीतील अंतर हाताने वाढवलेले असल्यास उन्हाळ्यात त्याचा फटका बसतो.

चंद्रपूर शहराची गणना देशातील अतिउष्ण शहरांत होते. मे महिन्यात तेथील पारा ४५ अंशांच्या वर जातो. खोलीचे तापमान वीस अंशांनी वाढले की पंख्यावर थंड होणाऱ्या पट्टीचे तापमानही जवळपास तितकेच चढते. त्यामुळे डिसेंबरच्या रात्री स्वच्छ उतरलेली चाचणी मे महिन्यातील दुपारची ग्वाही देत नाही. या परिसरात वेगाची अंतिम निश्चिती उन्हाळ्यात दुपारी करावी, किंवा हिवाळ्यात ठरलेल्या वेगाहून एक पायरी खाली राहावे. टोरँटो विद्यापीठ व गूगल यांच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तापमानाचा रॅमच्या त्रुटींवरील परिणाम अल्प आढळला होता, हे खरे. मात्र ते निष्कर्ष वातानुकूलित केंद्रांतील सर्व्हरांचे होते. कमाल वेगाच्या काठावर चालवलेल्या घरगुती संगणकाला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि २९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र यांमुळे चंद्रपूर परिसरात बारीक धूळ व राख भरपूर असते. ती पंख्यांत व स्लॉटमध्ये साचते. वैदर्भीय घरांतील पाण्याच्या कूलरचा दमट झोत थेट संगणकावर येत असल्यास तीच धूळ चिकटून बसते. पट्टीचे संपर्क खोडरबराने घासण्याची पद्धत दुरुस्तीच्या दुकानांत सर्रास आहे. तिने तात्पुरता गुण येतो, पण संपर्कांवरील सोन्याचा मुलामा एक मायक्रॉनहूनही पातळ असल्याने दर घासणीला तो झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणारे धागे असलेले कापड हा अधिक सुरक्षित मार्ग होय. अर्थात, जेडेकच्या वेगावर व्यवस्थित चालणारी पट्टी केवळ संपर्क मळल्याने वरच्या वेगावर अडखळू शकते, हेही तितकेच खरे आहे. म्हणून सफाई व्होल्टेज वाढवण्याच्या आधी करावी.

गडचिरोली जिल्ह्याच्या अंतर्भागात प्रश्नाचे स्वरूप थोडे निराळे आहे. भामरागडचा रस्ता पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने वारंवार तुटतो. अशा ठिकाणी पट्टी बदलून मागवणे सोपे नसते. त्याचबरोबर, वीज खंडित झाल्याने बंद पडलेला आणि रॅममुळे बंद पडलेला संगणक वरवर सारखेच दिसतात. चाचणी यूपीएसवर घेतल्याखेरीज हा भेद स्पष्ट होत नाही.

कमी वेगावर वापर

वेग उतरवून संगणक वापरणे हा कायमस्वरूपी म्हणून मान्य असा उपाय आहे. ३६०० ऐवजी ३२०० वर चालवल्यास सैद्धांतिक वहनक्षमता ११ टक्क्यांनी घटते. लेखन, हिशेब, दाखल्यांचे अर्ज, महाजाल अशा कामांत हा फरक जाणवत नाही. वेग टिकवण्यासाठी एक पट्टी काढून टाकणे मात्र तोट्याचे ठरते. ३२०० वरील एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट वाहते, तर दोन वाहिन्यांत बसवलेल्या दोन पट्ट्या २६६६ वरही मिळून सुमारे ४२.७ गिगाबाइट वाहतात.

हमीच्या काळात पट्टी बदलून मागायची असल्यास ती एकटी, योग्य स्लॉटमध्ये, प्रोफाइलवर आणि जेडेकच्या वेगावर अशा दोन्ही चाचण्यांचे छायाचित्र जोडावे. जेडेकच्या वेगावरही चुकणारी पट्टी सहसा वादाविना बदलून मिळते. केवळ प्रोफाइलवर चुकणाऱ्या पट्टीबाबत मदरबोर्डच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या सुसंगत रॅमच्या यादीत तिचा नेमका क्रमांक आहे का, हे विक्रेता विचारतो. संचातील एकच पट्टी सदोष निघाली तरी पूर्ण संच परत पाठवावा. एकट्या पट्टीच्या बदल्यात आलेली नवी पट्टी उरलेलीशी जुळेलच असे नसते.