टेलिफोनवरील मुलाखत : पूर्वतयारी कशी करावी?

आपल्या परभणी जिल्ह्यातील मुले-मुली आज मोठ्या संख्येने पदवीधर होत आहेत. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांतून ती पुणे, वाळूज, चाकण येथील कंपन्यांत अर्ज पाठवितात. पूर्वी एका मुलाखतीसाठी रात्रीचा प्रवास, जाण्या-येण्याचे भाडे आणि बुडालेला रोज एवढे सोसावे लागे. आता पुष्कळ खाजगी कंपन्या पहिली फेरी टेलिफोनवरच घेतात. खर्च वाचला हे खरे, परंतु केवळ दहा-पंधरा मिनिटांत आपल्याविषयी निर्णय होतो. त्यासाठी तयारी कशी करावी, हे समाजातील विद्यार्थ्यांसाठी आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. सगळ्याच नोकऱ्यांना टेलिफोनवर मुलाखत नसते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांसाठी मुलाखतच बंद केली आहे. आय.बी.पी.एस. मार्फत होणारी राष्ट्रीयीकृत बँकांतील लिपिक भरती पूर्व व मुख्य अशा दोन परीक्षांवर होते. त्यात मुलाखत नाही. लोकसेवा आयोगाच्या मुलाखतींना समक्ष जावे लागते. म्हणून “बँकेत क्लार्क म्हणून तुमची निवड झाली, फोनवर मुलाखत द्या आणि अनामत रक्कम भरा” असे कोणी म्हणाले, तर तो भामटा आहे असे खुशाल समजावे. खरी कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाही, आणि ओ.टी.पी. तर कोणालाच सांगायचा नसतो. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवावे.

आता तयारीकडे वळू. समक्ष मुलाखतीत समोरचा माणूस आपला चेहरा, बसणे-उठणे पाहतो. टेलिफोनवर त्याच्याजवळ फक्त आपला आवाज असतो. पण यात आपला एक फायदाही आहे. आपल्यापुढे काय मांडले आहे हे त्याला दिसत नाही. म्हणून टेबलावर अर्जाची प्रत, जाहिरात, गुणपत्रिका, कोरा कागद आणि पेन मांडून ठेवावे. कंपनी काय बनविते, तिचा कारखाना कोठे आहे, आपण कोणत्या पदासाठी अर्ज केला आहे, हे चार ओळींत लिहून ठेवावे. एकाच वेळी दहा ठिकाणी अर्ज करणाऱ्यांनी तर हे केलेच पाहिजे. “कोणती कंपनी म्हणालात?” असे विचारणाऱ्या उमेदवाराचे पुढचे बोलणे कोणी मनापासून ऐकत नाही. मात्र उत्तरे कागदावर पूर्ण लिहून वाचू नयेत. वाचल्याचे लगेच कळते. फक्त मुद्दे लिहावेत.

जागाही आधी ठरवावी. बसस्थानक, हॉटेल, रस्ता टाळावा. घरात एकच खोली असेल, तर घरच्यांना वेळ सांगून ठेवावी, टी.व्ही. बंद करावा, पंखा हळू करावा. गावात रेंज कोठे चांगली मिळते हे आदल्या दिवशी तपासावे. विजेचा भरवसा नसल्यामुळे मोबाईल रात्रीच चार्ज करावा. स्पीकर लावू नये. फोन मध्येच तुटला, तर घाबरू नये. दोन मिनिटे वाट पाहून आपणच लावावा आणि “सर, रेंज गेली होती” एवढेच सांगावे.

फोन उचलताना काय म्हणावे? आपल्या घराघरांत “जय भीम” म्हणून फोन उचलला जातो, आणि त्यात लपविण्यासारखे काही नाही. पण फोन करणाऱ्याला आधी हवे असते ते उमेदवाराचे नाव. म्हणून प्रथम “नमस्कार, मी अमुक बोलतोय” असे आपले पूर्ण नाव सांगावे.

आवाजाविषयी एक शास्त्रीय माहिती उपयोगी पडेल. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनांचा आवाज पलीकडे पोहोचतो. ‘स’, ‘फ’ यांसारख्या ध्वनींचा बराच भाग त्यापेक्षा वरच्या पट्टीत असतो, म्हणून इंग्रजी ‘एफ’ आणि ‘एस’ फोनवर सारखेच वाटतात. नव्या फोनमध्ये हे सुधारले आहे, पण रेंज कमी असली की अडचण येतेच. बँकेच्या कामात आम्ही दररोज हे अनुभवतो. त्यावर उपाय सोपा आहे. अक्षर सांगताना ‘एस फॉर सोलापूर’ असे सांगावे. आकडे सुटे सांगावेत; ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत घोटाळा होतो, ‘वन-फाइव्ह’ यात होत नाही. पलीकडून पत्ता, तारीख, वेळ सांगितली, की ती लिहून घेऊन परत म्हणून दाखवावी.

आपल्या मराठवाडी बोलीची लाज बाळगू नये. बोली अडवत नाही, घाई अडवते. हळू व स्पष्ट बोलावे. प्रश्न इंग्रजीत आला आणि उत्तर सुचले नाही, तर “सर, मी हिंदीत सांगू का?” असे विचारण्यात कमीपणा नाही. प्रश्न कळला नाही, तर पुन्हा विचारावा. अंदाजाने उत्तर देऊ नये.

नेहमीचे प्रश्न ठरलेले असतात. स्वतःविषयी सांगा, शिक्षणात एक वर्ष खंड का पडला, गाव सोडून याल का, पगार किती हवा. खंडाचे कारण खरे सांगावे. वडिलांचे आजारपण असेल, ऊसतोडीला जावे लागले असेल, तर तसे सांगून त्या वर्षात काय शिकलात तेही सांगावे. पगाराचा आकडा, राहण्या-जेवणाचा खर्च धरून, आधीच काढून ठेवावा.

आता एक नाजूक विषय. पूर्ण नाव सांगताच आडनाव पलीकडे पोहोचते. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले ४८०८ अर्ज ५४८ जाहिरातींना पाठविण्यात आले होते. खाजगी कंपन्यांकडून बोलावणे येण्याची शक्यता दलित नावांना उच्चवर्णीय नावांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळली. थोरात सर स्वतः औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. हे आम्ही निराश करण्यासाठी सांगत नाही. बोलावणे आले नाही तर दोष आपल्याच पात्रतेत आहे, असे मानून मुलांनी खचू नये, एवढ्यासाठी सांगतो. कोणी जात विचारलीच, तर “सर, या कामासाठी माझे शिक्षण असे असे आहे” म्हणून शांतपणे विषय कामाकडे आणावा. नाव बदलू नये, खोटे सांगू नये. आणि एका ठिकाणी नकार आला, तर दुसऱ्या दिवशी पुढचा अर्ज टाकावा.

शेवटी समाजबांधवांना एक विनंती. आपल्यात शिक्षक आहेत, बँकेत, रेल्वेत, एस.टी.त नोकरी करणारे आहेत. प्रत्येकाने रविवारी एक तास काढून एका विद्यार्थ्याला फोन लावावा आणि अनोळखी साहेबासारखी त्याची मुलाखत घ्यावी. नंतर चुका प्रेमाने सांगाव्यात. ज्या घरात नोकरी करणारे कोणी झाले नाही, त्या घरातील मुलाला अशी ‘तालीम’ दुसरीकडे कोठेही मिळत नाही. त्यासाठी इमारत लागत नाही, वर्गणी लागत नाही. फक्त आपला एक तास लागतो.